मॉडेल रेल्वेचं मोठं प्रदर्शन जोडीनं कसं पाहायचं

मॉडेल रेल्वेच्या मोठ्या प्रदर्शनाला जोडीदाराबरोबर जायचं ठरत असेल, तर एक गोष्ट आधीच पक्की करा: दिवसभर एकमेकांना चिकटून फिरायचं नाही. ज्याला छंद आहे तो सांधा बदलणाऱ्या एका मोटरपाशी वीस मिनिटं रेंगाळणार आणि ज्याला नाही तो तेवढ्यात अख्खा हॉल पाहून परत येणार. यात चूक कुणाचीच नाही. पण दोघांना एकाच चालीनं चालायला लावलं, की दुपारपर्यंत एकाची नजर घड्याळाकडे जाते आणि दुसरा ते पाहून ओशाळतो. म्हणून खालचा सगळा बेत थोडं एकत्र, थोडं वेगवेगळं आणि पुन्हा एकत्र असा आहे.

आमच्या घरी हा छंद माझा आहे आणि नवरा सोबतीला येतो. स्टॉलवाले हटकून त्याच्याशी बोलायला लागतात आणि तो मुकाट्यानं माझ्याकडे बोट दाखवतो. तुमच्या घरी उलट असेल. लेखात 'छंदवाला' आणि 'जोडीदार' म्हटलंय, त्यात कोण कोण ते तुम्ही ठरवा.

घरी बसून करायची बोलणी

मोठं प्रदर्शन म्हणजे किती मोठं, हे जोडीदाराला आधी सांगा. अमेरिकेत वेस्ट स्प्रिंगफील्डला जानेवारीच्या अखेरीस अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं प्रदर्शन भरतं, ते चार मोठ्या इमारतींत पसरलेलं असतं. जर्मनीत डॉर्टमुंडच्या इंटरमॉडेलबाउमध्ये रेल्वेच्या जोडीला विमानं, बोटी, ट्रक असं सगळं छोट्या रूपात असतं. अशा ठिकाणी 'तासाभरात उरकू' म्हणणं म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्यालाही फसवणं. किती तास थांबायचं, जेवणं कुठे, आणि एक जण दमला तर काय करायचं, हे निघण्याआधी बोलून घ्या. 'तू दमलास तर आपण दोघंही निघू' हे वाक्य ऐकायला प्रेमळ असलं तरी त्यानं दमलेल्या माणसावर उगाच ओझं येतं. त्यापेक्षा दमलेल्यानं एकट्यानं मुक्कामी परतायचं आणि दुसऱ्यानं निवांत मागून यायचं, ही सोय जास्त कामाची.

मग जोडीदाराचं तिथे काय आहे ते शोधा. हा छंद दिसतो गाड्यांचा, पण त्यात सुतारकाम आहे, चित्रकला आहे, वायरिंग आहे, इतिहास आहे, बारीक कलाकुसर आहे. ज्याला इंजिनाचं काही पडलेलं नाही, त्याला तारेच्या पिळातून झाड कसं उभं राहतं ते पाहायला आवडू शकतं. हॅम्बुर्गचं मिनिआतुर वुंडरलांड हे मॉडेल रेल्वेचं कायमचं प्रदर्शन २००१ साली उघडलं. तिथे दर पंधरा मिनिटांनी दिवसाची रात्र होते आणि खिडक्याखिडक्यांत दिवे लागतात. तिथे येणाऱ्या कित्येकांना इंजिनाचं नावसुद्धा ठाऊक नसतं. ते बोटभरही उंची नसलेल्या माणसांचे उद्योग शोधत फिरतात. तुमच्या जोडीदारालाही तसलंच काही हवं असेल, तर तोच त्याचा दिवसभराचा कार्यक्रम होऊ शकतो.

प्रदर्शनाच्या वेबसाइटवर बहुधा हॉलचा नकाशा, स्टॉलची यादी आणि प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक असतं. दोघांनी वेगवेगळ्या रंगात खुणा करा. जिथे दोन्ही रंग पडतात, तिथे एकत्र जायचं. बाकीचं ज्याचं त्यानं पाहायचं.

पाच मिनिटांची शिकवणी, त्याहून जास्त नाही

जोडीदाराला स्केलची, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान याची, जुजबी ओळख असली की त्याला निम्मं प्रदर्शन कळतं. एचओ म्हणजे १:८७, जगात सर्वांत जास्त चालणारं. एन म्हणजे १:१६०, जागा कमी असलेल्यांचं. झेड १:२२०, मार्कलिन या जर्मन कंपनीनं १९७२ साली आणलेलं, मूठभर जागेत मावणारं. ओ स्केल या सगळ्यांहून बरंच मोठं, अमेरिकेत १:४८. आणि बागेत, उन्हापावसात धावतात त्या 'जी' स्केलच्या मोठ्या गाड्या. अंदाजासाठी एक उदाहरण पुरे: २४ मीटर लांबीचा खरा डबा एचओमध्ये २७ ते २८ सेंटीमीटरचा होतो, एनमध्ये जेमतेम १५ सेंटीमीटरचा.

इथे दोन सापळे आहेत. जोडीदाराला गुपचूप भेट घ्यायची हौस असेल तर हे त्याला सांगाच. ब्रिटनमधलं ओओ स्केल १:७६ आहे, पण त्याचे रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटर रुंदीचे. म्हणजे गाडी तुमच्या रुळांवर सुखानं धावेल, फक्त बाकीच्या गाड्यांशेजारी जरा थोराड दिसेल. दुसरा सापळा मार्कलिनच्या एचओचा. त्याचं स्केल तेच आणि रुंदीही तीच, पण वीज दोन रुळांच्या मधल्या धातूच्या टिकल्यांच्या तिसऱ्या वाटेनं येते. ते इंजिन साध्या दोन रुळांच्या डीसी (एकदिश विजेच्या) मांडणीवर ठेवलं तर चालत नाहीच, वर शॉर्ट सर्किट होतं. त्यामुळे खोक्यावर 'एचओ' दिसलं एवढ्यावर खरेदी करू नये.

याच्या पुढची शिकवणी बंद. प्रत्येक इंजिनापुढे थांबून त्याची कुंडली मांडणारा छंदवाला हा जोडीदाराच्या कंटाळ्याचा पहिला मानकरी असतो. विचारलं तर सांगा.

टेप, यादी आणि पैशांचा करार

खरेदीची भांडणं स्टॉलवर होत असली तरी त्यांचं मूळ घरी असतं. म्हणून निघण्याआधी टेप काढा आणि घरची जागा मोजा. एचओचं १८ इंची, म्हणजे ४५७ मिलिमीटर त्रिज्येचं वळण अर्धवर्तुळात फिरवायचं तर खालचा बोर्ड मीटरभराहून रुंद लागतो. आणि इतक्या आवळ वळणावर लांब प्रवासी डबे बेढब दिसतात, कधी कधी रुळांवरून उतरतातही. त्यांना ६१० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी त्रिज्या द्यावी. एनमध्ये सुमारे २५० मिलिमीटरच्या त्रिज्येचं वळण ६० सेंटीमीटर रुंदीच्या बोर्डावर बसतं. ही मापं आणि जिथे मांडणी होणार आहे त्या कोपऱ्याचा फोटो, दोन्ही फोनमध्ये असू द्या. हॉलमधल्या झगमगाटात घरची भिंत दुप्पट लांब वाटायला लागते.

आपल्याकडे आहे त्या सगळ्या इंजिनांचे आणि डब्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा, त्यांच्या अंगावरच्या क्रमांकांसह. एकाच क्रमांकाचे दोन डबे घेऊन घरी येणं हा या छंदातला जुनाच रोग आहे.

पैशांसाठी दोघांचे दोन वेगळे कप्पे करा. आपापल्या कप्प्यातून कुणी काय घेतलं याची विचारपूस करायची नाही. त्यापलीकडे एक रक्कम ठरवा, जिच्या वरची वस्तू घेण्याआधी दुसऱ्याला दाखवायचीच. नुसता फोन करून विचारायचं नाही, प्रत्यक्ष आणून दाखवायची. त्यानं दोन गोष्टी साधतात. जोडीदाराला वस्तू हातात घेता येते आणि छंदवाल्याला तिच्यापासून पंधरा मिनिटं लांब राहावं लागतं. तेवढ्या अवधीत बरेच मोह आपोआप विरतात. जुन्या मालाचे काही विक्रेते फक्त रोख घेतात, तेव्हा रोख वेगळी काढून ठेवा आणि ती संपली की खरेदी संपली असं समजा.

कोणत्या दिवशी, किती वाजता

दोन दिवसांचं प्रदर्शन असेल तर पहिल्या दिवसाची सकाळ जुन्या मालाच्या शिकाऱ्यांची. दुर्मीळ वस्तू पहिल्या तास-दोन तासांतच उचलल्या जातात आणि गर्दीही तेव्हाच कळस गाठते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गल्ल्या मोकळ्या होतात, मांडणीवाले निवांत बोलतात आणि उरलेला माल पुन्हा खोक्यांत भरून न्यायला नको म्हणून काही विक्रेते भाव उतरवतात. जोडीदार पहिल्यांदाच येत असेल तर माझं मत सरळ दुसऱ्या दिवसाला. तुम्हाला अमुकच इंजिन हवं असेल तर पहिल्या सकाळी तुम्ही एकटे जाऊन या.

तिकीट ऑनलाइन काढता येत असेल तर काढा. एकदा बाहेर पडून परत आत येता येतं का, कोट आणि पिशव्या ठेवायची सोय आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्या. बूट जुने आणि पायाला सरावलेले घाला. सिमेंटच्या फरशीवर सहा तास चालणं गुडघ्यांना जाणवतं. पाठीवर सॅक नको, तिची गोष्ट पुढे येते.

पहिली फेरी: एकत्र, रिकाम्या हातानं

आत गेल्यावर पहिला तासभर दोघांनी मिळून सगळे हॉल पालथे घाला. काहीही विकत घ्यायचं नाही, नकाशावर फक्त खुणा करायच्या. कुठे बसायला जागा आहे, स्वच्छतागृहं कुठे, चहा कुठे, प्रात्यक्षिकांची खोली कुठली, हे या फेरीतच समजतं. अगदीच एकमेव वस्तू दिसली तर अपवाद करा, पण 'एकमेव' दर दहा पावलांवर दिसायला लागली तर आपल्यालाच जरा आवरा.

एकत्र असताना मांडण्या कशा पाहायच्या, हा या दिवसातला सगळ्यात रसाळ भाग. बहुतेक लोक उभ्यानं, वरून पाहतात, म्हणजे हेलिकॉप्टरमधून पाहिल्यासारखं. जरा गुडघे वाकवा आणि डोळे रुळांच्या पातळीला आणा. फलाटावरचा माणूस एकदम माणसाएवढा होतो. एचओमधला तो दोन सेंटीमीटरचा माणूस, त्याच्या कोटाच्या कडेला रंगाची एक फिकट रेघ मारलेली, बॅगेच्या मुठीवर तपकिरी ठिपका. पलीकडे रुळांलगत गवत उभं असतं. ते नायलॉनचे दोन ते सहा मिलिमीटर लांबीचे धागे असतात. खाली गोंद लावायचा, धागे चाळणीतून टाकताना त्यांना उच्च दाबाच्या स्थिर विजेचा भार द्यायचा, की प्रत्येक पातं ताठ उभं राहून चिकटतं. ओढ्यातलं पाणी म्हणजे राळ, पातळ थरांमागून थर ओतलेली. नीट पाहिलंत तर तळाशी रंगवलेला गाळ आणि त्यात रुतलेलं सायकलचं चाकही सापडेल. मांडणी करणारे असल्या खोड्या मुद्दाम पेरतात. जोडीदाराला त्या शोधायला सांगा, तो तुमच्या आधी शोधेल.

मांडणीवाल्यांशी बोलायला जोडीदारालाच पुढे करा. छंदवाला डिकोडरचं (इंजिनातल्या आज्ञा ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचं) विचारतो आणि गप्पा तिथेच अडकतात. छंदाबाहेरच्या माणसाचे प्रश्न जास्त चांगले असतात: हे खरं ठिकाण आहे का? सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला? गाडी त्या बोगद्यात शिरून जाते कुठे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा पडद्यामागे असतं. तिथे एक लपवलेलं यार्ड असतं, त्यात दहा-पंधरा गाड्या आपली पाळी यायची वाट पाहत उभ्या असतात आणि एक माणूस हातात यादी घेऊन त्यांना बाहेर सोडत असतो. विनंती केली तर बरेच जण मागे नेऊन दाखवतात. गाड्यांशी देणंघेणं नसलेल्यांनाही ही पडद्यामागची धावपळ आवडते. फक्त हातात कंट्रोलर घेऊन सांध्याकडे टक लावलेल्या माणसाला तेव्हा छेडू नये. गाडी फलाटाला लागू द्या, मग विचारा.

मांडणीवर वाकू नये, पुढे बोट करू नये, आणि पाठीवरची सॅक पुढे घ्यावी किंवा ठेवूनच यावी. गर्दीत वळताना सॅकचा धक्का लागून महिन्यांची मेहनत क्षणात आडवी होते.

आणखी एक गंमत जोडीदाराला सांगण्यासारखी आहे. ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी एचओमध्ये सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटर जायला हवी आणि एनमध्ये १४. फोनवर सेकंद मोजून कुठल्याही मांडणीसमोर ताडून पाहा. निम्म्या गाड्या विमानाच्या वेगानं चाललेल्या आढळतील.

दोघांना मिळून काही करायची इच्छा असेल तर सुट्या भागांच्या मांडण्यांपाशी थांबा. टी-ट्रॅक या पद्धतीत एन स्केलचा जेमतेम फूटभर लांबीचा तुकडा टेबलावर ठेवून शेजारच्याच्या तुकड्याला जोडतात. एकेका तुकड्यावर एकेका माणसाचं जग असतं, बाजार, शेत, किल्ला, काहीही. रूळ तयार मिळतात, सुतारकाम नावापुरतं. ज्या जोडीदाराला गाड्या नकोत पण कलाकुसर हवी, त्याच्यासाठी याहून सोपी सुरुवात माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग वेगळे व्हा

भेटायची जागा आणि वेळ ठरवा, आणि जागा नेमकी ठरवा. 'दारापाशी' म्हणजे कुठेच नाही, दारं चार असतात. स्टॉलचा क्रमांक किंवा एखादी ठळक मांडणी सांगा. पत्र्याच्या मोठ्या हॉलमध्ये हजारो लोक असताना फोन लागेलच याची खात्री नसते, त्यामुळे 'पोचल्यावर फोन करतो' यावर विसंबू नका. दीड तासाची एक फेरी बरी पडते. ठरलेल्या वेळी छंदवाल्यानं पोचायचंच, कारण उशीर नेहमी त्याचाच होतो.

या दीड तासात जोडीदारानं प्रात्यक्षिकांच्या खोलीत जावं. झाडं करणं, दगडी भिंती रंगवणं, नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या मालडब्याला गंज आणि धूळ चढवणं, हे सगळं तिथे हातानं करून दाखवतात आणि कित्येकदा करूही देतात. जुन्या रेल्वे जपणाऱ्या संस्थांचे आणि संग्रहालयांचे स्टॉल असतात. तिथे खऱ्या इंजिनांवर काम केलेली माणसं भेटतात आणि त्यांच्याकडे वेळही असतो. आणि कुठेच न जाता बाकावर पुस्तक वाचत बसायचं असेल तर तेही चालेल. तशा माणसाला 'तुला मजा येत नाहीये ना?' असं तीनतीनदा विचारू नका.

जुनं इंजिन घेताना

छंदवाल्याचा दीड तास बहुधा इथे जातो. स्टॉलवर बहुधा चाचणीचा रूळ असतो. नसेल तर विक्रेत्याला विचारा, शेजारच्याकडे असतो. इंजिन आधी अगदी हळू चालवा, दोन्ही दिशांना. भरधाव सगळीच इंजिनं बरी चालतात, दोष सरपटताना उघडा पडतो. चाकाच्या दर फेऱ्याला ठक ठक असा ठरावीक आवाज आला तर बहुधा आसावरचं प्लास्टिकचं गिअर तडकलेलं असतं. सुटा भाग मिळत असेल तर ते बदलता येतं, पण किंमत त्या हिशेबानं द्या.

मग उलटं करून पाहा. चाकांवर काळा थर असेल तर तो निव्वळ मळ, पुसून निघतो. चाकांवरच्या रबरी पट्ट्या कडक झाल्या असतील तर त्या बदलता येतात. घाबरायचं ते धातूच्या सांगाड्याला. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरेची भेसळ राहिली असेल तर वर्षांनुवर्षांत तो आतून फुगतो, वाकतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. यावर इलाज नाही. सांगाडा केळ्यासारखा वाकलेला किंवा कडेला जाळीदार चिरा दिसल्या तर भाव कितीही पाडला तरी खाली ठेवा.

इंजिन डीसीचं की डीसीसीचं हे विचारा. डीसीसीत रुळांतूनच आज्ञा जातात आणि इंजिनातला डिकोडर त्या ओळखतो. एका रुळावर दोन इंजिनं स्वतंत्रपणे चालतात ती त्यामुळे. जुन्यात डिकोडर बसवायचा असेल तर आत ८ किंवा २१ पिनांचं सॉकेट आहे का ते पाहा. नसेल तर सोल्डरिंगची तयारी ठेवा. कपलिंग, म्हणजे डबे जोडायचा आकडा, तुमच्या डब्यांना जुळतं का आणि खोक्यातली बारीक भागांची पुडी जागेवर आहे का, हेही पाहून घ्या. खोकं एकाचं आणि इंजिन दुसऱ्याचं, हा प्रकार सर्रास असतो.

घासाघीस करायची तर हसतमुखानं आणि एकदाच. दोनतीन वस्तू एकत्र घेऊन मग भाव विचारला तर विक्रेता लवकर खाली येतो. जोडीदार शेजारी असेल तर 'घरचे रागावतील' हे रडगाणं गाऊन त्याला घासाघिशीचं शस्त्र बनवू नका. विक्रेत्यानं ते सकाळपासून ऐकलेलं असतं आणि जोडीदाराला ते अजिबात आवडत नाही.

शेवटची फेरी आणि घरी आल्यावर

शेवटचा तास पुन्हा एकत्र घालवा. आता मार्गदर्शक बदला: वेगळं असताना जोडीदाराला जे सापडलं ते त्यानं दाखवायचं आणि छंदवाल्यानं गप्प राहून पाहायचं. या तासात छंदवाल्यानं खरेदीची यादी खिशातच ठेवावी.

सामान नेताना इंजिनाचं खोकं आडवं, पिशवीत सगळ्यात वर. रुळांचे सुटे तुकडे पुठ्ठ्याच्या नळीत किंवा दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून न्या. विमानानं जायचं असेल तर इंजिनं हातातल्या बॅगेत ठेवा आणि रंग, गोंद, स्प्रेचे डबे विकत घेण्याआधीच विमान कंपनीचे नियम पाहा. ज्वलनशील माल विमानात चालत नाही.

घरी पोचल्यावर त्याच रात्री सगळी खोकी उघडा, कितीही दमला असाल तरी. डब्याची मोडलेली पायरी किंवा टोकाचा धक्का झेलणारा बफर हरवल्याचं तेव्हाच कळलं तर दोन दिवसांच्या प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला गाठता येतं. पावत्या एका पाकिटात ठेवा. नवं इंजिन पहिल्यांदा डबे न लावता, मध्यम वेगानं, दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास फिरवा. त्यानं मोटर आणि गिअर नीट रुळतात. मगच त्याच्यामागे गाडी जोडा.